खाजगी शाळेतल्या शिक्षकांचं किमान वेतन आणि जादा तास : हक्क कुठे आहे, कुठे नाही (इंदूर)

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नवीन सत्राची नियुक्तिपत्रं हातात पडायला लागली की इथे दरवर्षी तोच प्रश्न येतो : शाळा महिन्याला नऊ हजार देते, कलेक्टर रेटपेक्षाही (सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीपेक्षाही) कमी, तर श्रम विभागात तक्रार होते का? उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा. कलम, निकाल आणि हिशेब लिहा. ऐकीव नको, आणि कोणत्याही शाळेचं नाव नको.

सुरुवात मी करतो. कटू आहे, पण इथूनच सुरू करावं लागतं. किमान वेतन अधिनियम, १९४८ शिक्षकांना लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं. प्रकरण हरियाणाचं. तिथल्या सरकारने खाजगी शाळा, नर्सरी आणि कोचिंग क्लासमधल्या शिक्षकांचं किमान वेतन अधिसूचना काढून ठरवलं होतं. विनामान्यता शाळांची संघटना न्यायालयात गेली आणि जिंकली. कारण असं की, त्या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे कुशल, अकुशल, अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा. शिकवणं यातल्या कशातच बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याआधी १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' नाही, हेही ठरलं होतं. काढून टाकलं तर कामगार न्यायालयाचा रस्ता त्या निकालाने बंद झाला.

हे दोन निकाल डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. निम्म्या तक्रारी इथेच चुकीच्या टेबलावर जातात आणि वर्षभराने 'विषय कार्यक्षेत्राबाहेर' असा शेरा घेऊन परत येतात.

सुदामानगर

पण आता कामगार कायद्यांच्या नवीन संहिता आल्या ना? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की आता शिक्षकांनाही किमान वेतन आणि दुप्पट ओव्हरटाइम मिळणार.

खंडपीठ_वकील

तो संदेश अर्धाच खरा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वेतन संहिता, २०१९ ने दोन मोठे बदल केले. एक म्हणजे 'अनुसूचित रोजगारां'ची यादी गेली. पूर्वी ज्या धंद्याचं नाव यादीत नसेल त्याला किमान वेतन नव्हतं, आता प्रत्येक आस्थापना आत आली. दुसरा बदल व्याख्येत. कर्मचाऱ्याच्या कामाच्या वर्णनात कुशल, अर्धकुशल, अकुशल, शारीरिक, कारकुनी याशिवाय परिचालन, पर्यवेक्षी, व्यवस्थापकीय, प्रशासकीय आणि तांत्रिक हे शब्द आले. व्याख्या नक्कीच रुंद झाली.

आता त्याच सरकारची सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० शेजारी ठेवून वाचा. तिथे हीच यादी आहे आणि शेवटी 'किंवा अन्य कोणतेही काम' असे शब्द जोडले आहेत. वेतन संहितेत ते नाहीत. संस्थेचा वकील पहिल्याच तारखेला यावर बोट ठेवणार : संसदेला शिक्षक आत घ्यायचे असते तर इथेही तेच शब्द टाकले असते. शिक्षकाच्या बाजूने उत्तर असं की १९९६ चा निकाल अरुंद व्याख्येवर होता. वर्गशिक्षिकेच्या कामात हजेरी, निकालपत्रकं, प्रवेश, पोर्टलवरची नोंद, पालकसभा हे सगळं आहे आणि ते प्रशासकीय व परिचालन या शब्दांत बसतं. माझ्या मते दुसऱ्या बाजूतही दम आहे. पण तो लढायचा मुद्दा आहे, हातात आलेला हक्क नाही.

ओव्हरटाइमचं अजून अवघड. संहितेचं कलम १४ दुप्पट दर देतं, पण ज्याचा किमान वेतनदर ठरवलेला आहे अशाच कर्मचाऱ्याला. 'अध्यापन' या कामाचा दर अधिसूचनेत नसेल तर कलम १४ ला उभं राहायला जागाच नाही. म्हणून ज्यांना संहितेखाली दावा करायचाच असेल त्यांनी आधी किमान वेतनाचा मुद्दा लढावा. ओव्हरटाइम त्याच्या मागून येतो.

हिशेबनीस

आकडे. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२४ पासून महिन्याचे दर ठरले ते असे : अकुशल ११,८०० रुपये, अर्धकुशल १२,७९६, कुशल १४,५१९, उच्चकुशल १६,१४४. त्यावर इंदूर खंडपीठात स्थगिती आली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, त्यामुळे दावा लिहिताना त्या-त्या सहामाहीचं श्रमायुक्तांचं परिपत्रक लावा. दोन वर्षांच्या थकबाकीला एकच दर लावला की समोरचा पहिल्याच तारखेला हिशेब चुकीचा म्हणून दाखवतो. नवीन अधिसूचना येईपर्यंत जुनीच चालू धरायची.

तासाचा दर काढायची रीत : महिन्याचा दर भागिले २६, भागिले ८. अकुशल ११,८०० चे दिवसाला ४५३.८५ आणि तासाला ५६.७३ पडतात. जादा तास दुप्पट, म्हणजे ११३.४६. कुशल, म्हणजे शाळेच्या बसचा चालक धरा : १४,५१९ चे दिवसाला ५५८.४२, तासाला ६९.८०, जादा तासाला १३९.६०.

लोक २६ ऐवजी ३० ने भागतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात.

सुदामानगर

म्हणजे त्याच शाळेतला शिपाई ११,८०० मागू शकतो आणि बीएड झालेली बाई नऊ हजारांवर गप्प बसणार?

रामबागकर

ताई, आजच्या घडीला कायद्याची रेषा तिथेच आहे, आणि ती अन्यायाची आहे असं मी स्पष्ट म्हणतो. शिपाई, आया, चालक, सफाई कर्मचारी, लेखापाल, रिसेप्शनवरची व्यक्ती, हे सगळे नि:संशय आत आहेत. घासाघीस होते ती मधल्या लोकांवर. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, 'ऑफिस असिस्टंट कम टीचर', नर्सरीतली 'असिस्टंट टीचर' जी खरं म्हणजे मुलांना डबा भरवते आणि बसपर्यंत सोडते. इथे पदाचं नाव बघत नाहीत, मुख्य काम कोणतं ते बघतात. आठवड्याच्या ४८ तासांतले तीस तास फी काउंटरवर जात असतील तर ती व्यक्ती कारकून आहे, नियुक्तिपत्रावर 'टीचर' लिहिलेलं असलं तरी. उलट, दिवसभर शिकवून थोडी नोंदवही भरली तर ते कारकुनी काम धरत नाहीत.

अशा मधल्या लोकांनी एक महिन्याचं कामाचं टिपण ठेवावं : तारीख, वेळ, काम, कोणी सांगितलं. साध्या वहीत, रोजच्या रोज, एकाच पेनाने मागाहून भरलेलं नको. मागाहून भरलेली वही उलटतपासणीत दहा मिनिटं टिकत नाही.

टिळकनगर_शिक्षक

४५ तासांबद्दल कोणी तरी नीट लिहा. आमच्या गटात सगळे म्हणतात की आरटीई (शिक्षण हक्क कायदा) प्रमाणे ४५ तासांवर काम घेताच येत नाही.

खंडपीठ_वकील

हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास लिहिले आहेत, तयारीच्या वेळेसह. पण तो आकडा *किमान* आहे, कमाल नाही. त्यावर ओव्हरटाइम मागता येत नाही, आणि तो पहिली ते आठवीपुरता आहे. त्याच अनुसूचीत वर्षाचे किमान कामाचे दिवस आहेत, पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२०. अध्यापनाचे तास अनुक्रमे ८०० आणि १,०००.

तरी त्या ओळीचा एक उपयोग आहे. 'तयारीच्या वेळेसह' हे शब्द. पाठाचं टाचण, वह्या तपासणं, प्रश्नपत्रिका काढणं हे काम आहे, घरचा छंद नाही, हे कायद्यानेच मान्य केलं आहे. नियुक्तिपत्राची बोलणी करताना हे वापरा. तिथे 'सकाळी ७:३० ते २:३०, सोमवार ते शनिवार' लिहून घेतलं की आठवड्याचे ४२ तास शाळेतच झाले, आणि उरलेले तीन तयारीचे धरले तरी ४५ पूर्ण. मग रविवारचा प्रवेश मेळावा, संध्याकाळची गॅदरिंगची तालीम, उन्हाळ्यात घरोघर जाऊन प्रवेश आणणं यांचा मोबदला वेगळा ठरवायला आधार मिळतो. तो मिळतो करारातून, कायद्याच्या दुप्पट दरातून नाही. करारात एक ओळ हवी : 'नियत वेळेबाहेरच्या कामासाठी प्रति तास अमुक रुपये अथवा त्या बदल्यात सुट्टी.' ती ओळ नसेल आणि संस्थेने लेखी आदेश देऊन काम करून घेतलं असेल, तर करार कायदा, १८७२ चं कलम ७० आहे : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि समोरच्याने फायदा घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं.

तोंडी आदेश सिद्ध होत नाहीत. ग्रुपवर आलेला 'कल सब टीचर्स ४ बजे तक रुकेंगे' हा संदेश डिलीट करू नका. त्या दिवशीच चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवा. फोन बदलला की पुरावा जातो, असं फार होतं.

हिशेबनीस

किमान वेतनावर सगळे डोकं आपटतात आणि जे पैसे खात्रीने निघतात ते सोडून देतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटी या दोन्ही ठिकाणी शिक्षक पूर्णपणे आत आहे. वाद संपलेला आहे.

पीएफ : वीस किंवा जास्त माणसं असलेल्या शिक्षणसंस्थेला १९८२ पासून लागू. मोजताना शिपाई, चालक, ठेक्यावरची सफाईवाली, सगळे मोजायचे. शाळा म्हणते 'आमच्याकडे अठराच टीचर', पण बाकीचे आठ धरले की २६. पगार १५,००० पर्यंत असेल तर सभासदत्व ऐच्छिक नाही. 'पीएफ नको असं लिहून द्या' हे पत्र कायद्यात शून्य किमतीचं.

आता नेहमीची चलाखी. पगार १४,५००, पैकी बेसिक ७,०००, स्पेशल अलाउन्स ५,५००, वाहन भत्ता २,०००. शाळा पीएफ कापते ७,००० वर, म्हणजे ८४० रुपये. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा स्पेशल अलाउन्स मूळ वेतनातच धरायचा. त्या निकालातलं एक प्रकरण एका शाळेचंच होतं, विवेकानंद विद्यामंदिर. तर वेतन झालं १२,५०० आणि १२ टक्के झाले १,५००. महिन्याला ६६० कमी कापले गेले, आणि शाळेच्या वाट्याचेही ६६० कमी भरले गेले. शाळेने बुडवलेला हिस्साच वर्षाचा ७,९२० होतो. शिवाय नवीन संहितांमध्ये वगळलेले भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे 'बेसिक छोटं, भत्ते मोठे' ही रचना आता चालायची नाही.

तपासायचं कसं? यूएएनने (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकाने) पासबुक उघडा. तीन गोष्टी बघा : कापलेली रक्कम आणि भरलेली रक्कम सारखी आहे का, मे-जूनचे महिने रिकामे आहेत का, आणि नोकरीला लागल्याची तारीख बरोबर आहे का. तिसऱ्यात सर्वांत जास्त घोळ असतो. खरी तारीख जुलैची, पीएफमध्ये नोंद दोन वर्षांनंतरची. ती चूक नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या, सोडल्यावर शाळेची सही मिळवणं कठीण.

स्नेहनगर_काकू

ग्रॅच्युइटीचं लिहा ना. निवृत्त होणाऱ्या बायकांना शाळा 'टीचरला ग्रॅच्युइटी नसते' असं सांगून परत पाठवतात.

हिशेबनीस

काकू, असं सांगणं २००४ ते २००९ या काळात चाललं असतं. २००४ मध्ये अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या व्याख्येत बसत नाहीत असं म्हटलं होतं. मग संसदेने २००९ मध्ये व्याख्याच बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन. खाजगी शाळांच्या संघटनांनी त्या दुरुस्तीला आव्हान दिलं, आणि २९ ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. आता बोलायला जागा नाही.

दहा किंवा जास्त कर्मचारी हवेत, पाच वर्षं सलग सेवा हवी. हिशेब : शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ९ वर्षं ७ महिने नोकरी आणि शेवटचं वेतन १८,००० असेल तर वर्षं झाली १० आणि रक्कम १,०३,८४६ रुपये. कमाल मर्यादा २० लाख.

अर्ज संस्थेला लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर सहायक श्रमायुक्तांकडे, म्हणजे नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज. उशिरावर व्याज मिळतं. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, फक्त उशिराचं कारण लिहावं लागतं.

मॅडमनी 'नो ड्यूज' वर सही केली असेल आणि त्यात 'ग्रॅच्युइटीसह सर्व मिळाले' असं छापलेलं असेल तर घोटाळा होतो. सही करताना त्या ओळीवर रेघ मारून 'ग्रॅच्युइटी बाकी' असं हाताने लिहा.

लोकनायकनगर

दहा महिन्यांचा करार करतात, जुलै ते एप्रिल. मे-जूनचा पगार नाही आणि जुलैत नवीन पत्र. यात सेवा सलग धरतात का?

खंडपीठ_वकील

सलग सेवेसाठी मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस लागतात. आस्थापना आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी चालत असेल तर १९० पुरतात. पाच दिवसांच्या शाळांनी हा १९० चा आकडा लक्षात ठेवावा. दहा महिन्यांत रविवार आणि पगारी सुट्ट्या धरून हा आकडा बहुतेक वेळा पार होतो. शिवाय दरवर्षी तीच व्यक्ती, तोच वर्ग, तेच काम असेल तर मधला खंड कृत्रिम आहे असं म्हणता येतं.

इथे पुरावा काय तर 'खंडाच्या' काळात केलेलं काम. मे महिन्यात निकालपत्रकं वाटली, पुरवणी परीक्षेचं पर्यवेक्षण केलं, प्रवेशाच्या फॉर्मवर सही आहे, सीबीएसईच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्याच काळातलं आहे. एवढं असलं की 'त्या दोन महिन्यांत नोकरीच नव्हती' हा दावा कोसळतो.

आणि नवीन सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्ष पूर्ण झालं की प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. म्हणून यापुढे अकरा महिन्यांची पत्रं वाढतील असा माझा अंदाज. पत्र घेताना मुदतीची शेवटची तारीख आधी वाचा, पगार नंतर.

टिळकनगर_शिक्षक

पगार खात्यात पूर्ण टाकतात, मग त्यातले सात हजार रोख परत मागतात. याला काय करायचं? सीबीएसईच्या संबद्धता नियमांत तर सरकारने ठरवलेल्या प्रमाणात पगार द्यायचा म्हटलंय.

रामबागकर

नियम आहे, आणि म्हणूनच ही रोख परतीची पद्धत आहे : कागदावर नियम पाळलेला दिसायला हवा. यात शिक्षकाचं नुकसान तिहेरी. पैसे गेले ते गेलेच. आयकराच्या एआयएस (वार्षिक माहिती पत्रक) मध्ये पूर्ण पगार दिसतो, म्हणजे न मिळालेल्या पैशांचं उत्पन्न तुमच्या नावावर. आणि उद्या दावा केला तर बँकेचं स्टेटमेंटच तुमच्याविरुद्ध उभं राहतं.

परत द्यावेच लागत असतील तर रोख देऊ नका, 'ऑनलाइन पाठवते, खातं सांगा' असं लेखी विचारा. खातं कोणी देत नाही, पण तो संदेश आणि त्यावरचं उत्तर राहतं. रोखच द्यावी लागली तर त्याच दिवशी तेवढीच रक्कम एटीएममधून काढा. दर महिन्याच्या ७ तारखेला पगार आणि ८ तारखेला ७,००० रुपये काढले, असा सलग वर्षभराचा नमुना स्टेटमेंटमध्ये दिसला आणि चार शिक्षिकांचा सारखाच दिसला, तर तो पुरावा बोलतो. एकट्या व्यक्तीचा फारसा नाही. म्हणून चौघींनी मिळून जायचं.

मूळ गुणपत्रिका शाळेत ठेवून घेतात तेही इथेच लिहितो : देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. आधीच दिल्या असतील तर स्पीड पोस्टने मागणी करा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. 'मध्येच सोडलं तर दोन महिन्यांचा पगार जप्त' या अटीलाही करार कायद्याचं कलम ७४ आडवं येतं. दंडाची रक्कम लिहिली म्हणून तेवढी मिळत नाही, वाजवी भरपाईच मिळते.

भंवरकुआं_फॅकल्टी

कोचिंगवाल्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. भंवरकुआं भागातल्या बऱ्याच क्लासेसमध्ये शिकवणारे कागदावर नोकर नसतात, 'कन्सल्टंट' असतात. ओळखायचं साधन सोपं आहे : पगारावर नोकराचा टीडीएस कापतात की व्यावसायिक शुल्क म्हणून सरळ १० टक्के? दहा टक्के असेल तर शाळेसारखा पीएफ, ग्रॅच्युइटीचा दावा करण्याआधी आपण नोकर होतो हे सिद्ध करावं लागेल. वेळ संस्था ठरवते का, रजेला परवानगी लागते का, दुसरीकडे शिकवायला मनाई आहे का, बायोमेट्रिक हजेरी आहे का. हे चारही 'हो' असतील तर कन्सल्टंट हे नुसतं लेबल आहे.

तासिकेवर काम करणाऱ्यांनी दर ठरवताना काय काय त्या दरात आहे ते लिहून घ्या. ९० मिनिटांच्या लेक्चरमागे डाउट काउंटर, टेस्ट सिरीजचे प्रश्न, सोल्यूशन टाइप करणं आणि रेकॉर्डिंग फुकट जातं. ५०० रुपयांचं लेक्चर, त्यावर तासभर डाउट आणि अर्धा तास प्रश्न काढणं, म्हणजे तीन तासांचे ५००, तासाला १६७. रेकॉर्ड झालेला व्हिडिओ पुढच्या वर्षी कोणाचा, हेही लिहून घ्या, नाहीतर पुढच्या बॅचला तुमचाच व्हिडिओ तुमची जागा घेतो.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको आणि विद्यार्थ्यांबरोबर शिकवणाऱ्यांनाही साप्ताहिक सुट्टी हवी असं आहे. सुट्टी मागताना त्याचा आधार घ्या.

स्कीम७८

कॉलेज आणि सरकारी अतिथी शिक्षकांचं थोडक्यात. यूजीसीच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे अतिथी प्राध्यापकाला लेक्चरमागे १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,०००. राज्याच्या शाळांतल्या अतिथी शिक्षकांचं मानधन सप्टेंबर २०२३ मध्ये दुप्पट जाहीर झालं : वर्ग १ ला १८,०००, वर्ग २ ला १४,०००, वर्ग ३ ला १०,०००. वर्ग ३ चा आकडा अकुशल मजुराच्या दराखाली आहे, हे सरकारचंच दोन्हीकडचं गणित.

सरकारी संस्थांत मात्र एक रस्ता मोकळा आहे जो खाजगीत नाही : समान कामाला समान वेतन. २०१६ चा पंजाबचा निकाल, आणि २२ ऑगस्ट २०२५ चा गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा. त्यांना वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळालं, थकबाकी ८ टक्के व्याजासह, रिट (हायकोर्टातला थेट अर्ज) दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांपासून. बडोद्याच्या मंडळींनी तो वाचावाच.

सुदामानगर

एक जोडप्रश्न. अमेरिकेत शाळेत नोकरीला जाणारे विचारतात, तिकडे तरी ओव्हरटाइम आहे का?

खंडपीठ_वकील

तिकडेही नाही. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टमध्ये 'प्रोफेशनल' लोकांना किमान वेतन आणि ओव्हरटाइममधून वगळलं आहे. बाकी प्रोफेशनल्सना त्यासाठी ठरावीक पगाराची अट लागते, शिक्षकांना तीही लागत नाही. मुख्य काम शिकवणं आणि जागा शैक्षणिक संस्था, एवढं पुरे. नर्सरीचे शिक्षक आणि संगीत शिकवणारेसुद्धा त्यात आले. पण शिक्षकाचा सहायक किंवा ऑफिसातली क्लार्क आत आहे : आठवड्याला ४० तासांवर दीडपट. तेव्हा तिकडच्या ऑफर लेटरमध्ये पदनाम 'टीचर' आहे की 'टीचर एड', हे आधी बघा. काही राज्यांचे आणि शिक्षक संघटनांचे करार यापेक्षा चांगले असतात.

रामबागकर

आता कुठे जायचं ते. पीएफची तक्रार ईपीएफओच्या (पीएफ संघटनेच्या) पोर्टलवर, यूएएनसह, महिनेवार तक्ता जोडून. ग्रॅच्युइटी आणि शिपाई-चालकांचं किमान वेतन सहायक श्रमायुक्तांकडे. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालयच इंदुरात आहे, भोपाळला जायची गरज नाही. मान्यतेच्या अटी मोडल्या असतील तर जिल्हा शिक्षण अधिकारी, आणि सीबीएसई शाळा असेल तर मंडळाकडेही.

१८१ वर सीएम हेल्पलाइनला फोन करताना विभाग नीट सांगा. 'शाळा पगार देत नाही' एवढंच म्हटलं की तक्रार शालेय शिक्षणाकडे जाते, तिथून 'खाजगी संस्थेचा विषय' म्हणून बंद होते. 'ग्रॅच्युइटी दिली नाही, श्रम विभाग' असं म्हणा. बंद करायला फोन आला आणि तुम्ही समाधानी नसाल तर स्पष्ट 'असमाधानी' सांगा, तक्रार वरच्या स्तरावर जाते. मंगळवारच्या जनसुनवाईत कलेक्टर ऑफिसात अर्ज द्यायचा तर एका पानात द्या, सोबत हिशेबाचा तक्ता. दहा पानी कैफियत तिथे कोणी वाचत नाही.

लोकनायकनगर

थेट हायकोर्टात रिट करता येत नाही का?

खंडपीठ_वकील

विनाअनुदानित खाजगी शाळेविरुद्ध, निव्वळ नोकरीच्या कराराच्या वादात, नाही. सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं, आणि ते मध्य प्रदेशातूनच वर गेलेलं प्रकरण होतं. पगाराची थकबाकी असेल तर दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं, प्रत्येक महिन्याच्या पगाराची मुदत वेगळी मोजायची. जुने महिने रोज एकेक करून मुदतीबाहेर पडत असतात. अनुदानित संस्था असेल तर गोष्ट वेगळी : तिथे १९७८ चा मध्य प्रदेशचा वेतन संदाय अधिनियम आहे आणि शासनाचा हात आहे.

वेतन संहितेखाली दावा करून बघायचा असेल तर करा, कलम ४५ खाली तीनच वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचा भार संस्थेवर आहे. पण त्याच अर्जावर विसंबून दिवाणी दाव्याची मुदत घालवू नका. चुकीच्या ठिकाणी प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वजा करायची सोय मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, तरी ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

स्नेहनगर_काकू

वकिलाची फी कुठून आणायची? नऊ हजार मिळवणारी बाई दावा कसा करणार?

खंडपीठ_वकील

काकू, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. आधार, नियुक्तिपत्र, बँक स्टेटमेंट आणि एका पानाचा हिशेब घेऊन जा. आधी 'प्री-लिटिगेशन'चा, म्हणजे दाव्याआधीच्या तडजोडीचा, अर्ज करा. त्याला कोर्ट फी लागत नाही, शाळेला नोटीस जाते, आणि लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं. तडजोडीच्या कागदावर रक्कम, तारीख आणि चेक नंबर लिहून घ्या. 'लवकरात लवकर देऊ' एवढ्यावर सही करू नका.

स्नेहनगर_काकू

हे पान छापून काढते आहे. नियुक्तिपत्र ज्यांच्याकडे मुळीच नाही त्यांचं काय?

हिशेबनीस

नियुक्तिपत्राशिवायही नोकरी सिद्ध होते : पगार जमा झालेलं स्टेटमेंट, यूडाइसमधली (सरकारच्या शाळांच्या माहिती-पोर्टलवरची) शिक्षकाची नोंद, ओळखपत्र, सही असलेली निकालपत्रकं, वर्गाचं वेळापत्रक, शाळेच्या मासिकातला स्टाफचा फोटो. रोखीने पगार असेल तर दर महिन्याला मिळाल्याबरोबर ती रक्कम स्वतःच्या खात्यात भरा आणि शाळेच्या कोणाला तरी 'इस महीने के ९,००० मिल गए' असा संदेश टाका. उत्तरात नुसता 'ओके' आला तरी चालतो.